स्टेजवर गेल्यावर पहिलं अर्धं मिनिट काय करायचं?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात ऑफिसात शंभरेक लोकांसमोर दहा मिनिटं बोलायचंय, विषय ग्राहकांच्या तक्रारी. मागच्या वेळी माईक हातात घेतला आणि तोंडून पहिलं काय निघालं तर "फारशी तयारी नाहीये, सांभाळून घ्या", पहिल्या रांगेतल्या दोघांनी तिथंच मोबाईल काढले आणि माझा आवाज जो बसला तो बसलाच. आता कुणी म्हणतंय ९३ टक्के इम्प्रेशन आवाज आणि बॉडी लँग्वेजचं, शब्दांचं फक्त ७ टक्के. मग मजकुरावर मेहनत घेऊ की नको?

उत्तर १: ते ९३ टक्के डोक्यातून काढा. मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलंय ते, त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायची होती, भाषणाशी संबंध नाही. मजकुरावर मेहनत घ्याच, पण अख्खं भाषण पाठ करू नका, एक शब्द विसरला की सगळंच अडतं. पहिली दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत.

उत्तर २: माझ्या मते चूक त्या माफीतच झाली. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये एका माणसाचे सहा गुण लोकांना वाचून दाखवले, काहींना हुशार, कष्टाळू पासून हट्टी, मत्सरी पर्यंत आणि काहींना तेच उलट क्रमाने, तर उलट ऐकणाऱ्यांचं मत जास्त वाईट झालं. शब्द तेच हो, फक्त आधी काय कानावर पडलं तेवढा फरक! "तयारी नाही" म्हटलंत की पुढचं सगळं लोक त्याच नजरेनं ऐकणार. "आवाज येतोय का" हेही आधीच बघून ठेवा. जागेवर जा, दोन्ही पाय नीट टेकवा, श्वास पूर्ण सोडा, एका चेहऱ्याकडे बघा आणि मगच तोंड उघडा. ते दोन-तीन सेकंद आपल्याला फार मोठे वाटतात, समोरच्यांना नाही.

प्रश्नकर्ता: पण हात थरथरतात त्याचं काय? सगळ्यांना दिसतं ना ते.

उत्तर ३: वाटतं तेवढं दिसत नाही, खरंच. सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात वक्त्यांना आपली घाबरगुंडी जेवढी दिसतेय असं वाटलं त्यापेक्षा ऐकणाऱ्यांना कमी जाणवली, आणि ज्यांना हे आधीच सांगितलं होतं ते चांगलं बोलले. पातळ कागद घेऊ नका, तो फडफडतो, जाड कार्डावर मुद्दे लिहा.

प्रश्नकर्ता: पहिलं वाक्य असं ठरवलंय, "रात्री एक वाजता फोन आला आणि पलीकडचा माणूस रडत होता." लगेच पुढे त्याची तक्रार सांगेन, नमस्कार वगैरे नंतर. चालेल का?

उत्तर २: चालेल. पण "रडत होता" नंतर थांबा, घाई करू नका.