निवृत्तिनिधीचा अर्ज आधीच भरून द्यावा का, आणि त्यात किती टक्के लिहावेत?

आस्थापनाशाखा:
आमच्या कंपनीत ऐच्छिक निवृत्तिनिधी योजना नव्याने आखली जात आहे आणि तिचा मसुदा माझ्याकडे आला आहे. कर्मचाऱ्याची वर्गणी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत असेल तर तिच्या निम्मी भर कंपनी घालणार, इतके ठरले आहे. जुन्या पद्धतीत सहभागी होण्यासाठी अर्ज करावा लागे. रुजू होताना बहुतेक जण ‘पुढच्या महिन्यात भरतो’ म्हणत आणि टक्केवारीचा रकाना कोराच राहिलेला तो कागद फाइलमध्ये पडून राही. म्हणून सर्वांना आपोआप सामील करावे आणि ज्याला नको असेल त्याने तसे लेखी कळवावे, असे मी सुचवले. वरिष्ठांना ते मान्य आहे. मात्र कुरकुर होऊ नये म्हणून सुरुवात ३ टक्क्यांनीच करावी, ज्याला जास्त हवे तो वाढवून घेईल, असा त्यांचा आग्रह आहे. लोक खरोखर वाढवून घेतात का?

आकडेमोड:
बहुतांश घेत नाहीत, आणि हे तपासून पाहिलेले आहे. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या ४०१(के) योजनेवर (पगारातून वर्गणी कापून निवृत्तीसाठी बचत करण्याची तिथली योजना) ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुमच्या प्रश्नाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. तेथेही ६ टक्क्यांपर्यंतच्या वर्गणीवर निम्मी भर होती. आपोआप नोंदणी सुरू झाल्यावर नव्या कर्मचाऱ्यांतील सहभाग ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेला. पण योजनेने ठरवलेली वर्गणी ३ टक्के आणि ती गुंतवण्यासाठी ठरवलेला फंड अत्यंत सुरक्षित, कमी परताव्याचा होता, आणि बहुसंख्य लोक त्या दोन्हींवरच थांबले. स्वतः अर्ज करावा लागला असता तर कदाचित ६ टक्के निवडून पूर्ण भर मिळवली असती, अशी माणसेही त्यांत होती. छापील आकडा लोकांना कंपनीचा सल्ला वाटतो, आणि तो बदलायचा तर पुन्हा विचार करायला बसावे लागते. तुमच्या वरिष्ठांना सावध वाटणारे ३ टक्के म्हणजे प्रत्यक्षात कंपनीकडून मिळू शकणाऱ्या भरीतला अर्धा भाग कर्मचाऱ्याच्या हातून सोडून देणे आहे. सुरुवात ६ टक्क्यांनी केल्यास लोक मोठ्या संख्येने बाहेर पडतील, ही भीतीही फारशी खरी ठरलेली नाही. दोन्ही दरांना सहभाग जवळपास सारखाच राहिल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे.

सावध_वाचक:
सहभाग वाढला म्हणजे बचत वाढली, असे धरून चालू नये. ज्याचा पगार महिनाअखेरीपर्यंत जेमतेम पुरतो, त्याच्याकडून ६ टक्के कापले गेले तर तो ती तूट कर्जाने भरून काढील, ही शंका रास्त आहे. अमेरिकी लष्करातील मुलकी कर्मचाऱ्यांना २०१० पासून निवृत्तिबचत योजनेत आपोआप सामील केले जाऊ लागले, तेव्हा नेमके हेच तपासले गेले. क्रेडिट कार्डासारख्या कर्जांत लक्षणीय वाढ आढळली नाही. वाहनकर्ज आणि गृहकर्ज मात्र वाढले. वाहनकर्ज वाढणे हे बचतीच्या अगदी उलट की नुसता खर्चाचा क्रम बदलणे, यावर वाद घालता येईल. तरीही बाहेर पडण्याची वाट एका सहीइतकी सोपी असावी आणि ती अर्जाच्या पहिल्याच पानावर असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. ती मागच्या पानावर बारीक अक्षरांत दडवली, तर योजनेला ऐच्छिक म्हणू नये.

पगारपत्रक:
दोन्ही बाजू सांभाळणारा एक मार्ग आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी सुचवलेल्या योजनेत कर्मचारी आज फक्त संमती देतो आणि वर्गणी पुढच्या प्रत्येक पगारवाढीच्या वेळी वाढते, त्यामुळे हातात येणारी रक्कम कधी घटलेली दिसत नाही. जिथे ती प्रथम राबवली गेली तिथे हा मार्ग स्वीकारणाऱ्यांची सरासरी वर्गणी ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. वरिष्ठ ३ टक्क्यांवर अडून बसले, तर वार्षिक वाढीचे कलम त्यांच्याकडून अवश्य मान्य करून घ्या. फंडांची यादी मात्र आटोपशीर ठेवा. ती लांबली की लोक निवड पुढे ढकलतात.

मसुद्यांत सहसा दुर्लक्षित राहणारा कागद म्हणजे राजीनाम्याच्या वेळचा अर्ज. आपोआप नोंदणीने जमलेल्या पैशांचा मोठा भाग नोकरी बदलताना काढून घेतला जातो आणि त्यामुळे दीर्घकालीन लाभ सुरुवातीला वाटला त्यापेक्षा बराच कमी भरतो, असे अलीकडच्या संशोधनात पुढे आले आहे. त्या अर्जात सहसा ‘रक्कम काढणे’ हा पहिला पर्याय असतो, त्याच्यासमोर बँक खात्याचा रकानाही तयार असतो, आणि निधी नव्या नोकरीत वळवायचा तर वेगळा फॉर्म मागून घ्यावा लागतो. तुम्ही हा क्रम उलटा ठेवा: काही न कळवल्यास निधी आहे तिथेच राहील किंवा नव्या खात्यात जाईल, आणि रोख हवी असेल त्याने तसे लिहून द्यावे.

आस्थापनाशाखा:
राजीनाम्याच्या अर्जाचा विचार मसुद्यात मुळीच नव्हता. सुरुवात ६ टक्क्यांनी, नकाराचा रकाना पहिल्या पानावर आणि निधी वळवण्याची तरतूद, असा मजकूर बैठकीत मांडते. ६ टक्के नामंजूर झाले तर ३ टक्क्यांसोबत दरवर्षी पगारवाढीच्या महिन्यात १ टक्का वाढ, हा पर्याय जोडून ठेवला आहे.