वासुदेवाच्या टोपीची मोरपिसं जलरंगात मातकट होतात, सल्ला हवा

पहाटगल्ली: नमस्कार मंडळी. आईच्या वाढदिवसाला वासुदेवाचं चित्र द्यायचंय. लहानपणी ती सुपातून धान्य घेऊन दारात उभी राहायची, ती आठवण अजून सांगते. पायघोळ अंगरखा, कमरेच्या शेल्यात खोचलेला पावा, एका हातात टाळ, दुसऱ्यात चिपळ्या, एवढं जमलं. पण टोपी तिन्ही वेळा बिघडली. निळा, हिरवा, पिवळा, तपकिरी लावत गेले आणि सगळ्याचा चिखल झाला. कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) आहे. काय बदलू?

कोराकागद: आधी कागद बदला. २०० चा कागद पाण्यानं फुगतो, खळग्यात पाणी साचतं आणि तिथं खालचा रंग परत सुटतो. ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठाचा) घ्या. महाग आहे, म्हणून मोठा ताव आणून तुकडे करा.

टोपीला रंग दोनच ठेवा, थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). कागद ओला करून निळा सोडा. पाण्याची चकाकी उतरली, पण ओल आहे, तेव्हा सिएना नुसता टेकवा आणि ब्रश उचला. परत फिरवायचा नाही, चिखल तिथंच होतो. पूर्ण वाळल्यावर बारीक ब्रशनं समोरच्या सात-आठ पिसांचे डोळे काढा. बाकीची पिसं बघणारा स्वतः पुरी करतो.

सावलीवाला: अंगरख्याला पांढरा रंग लावू नका, कागदच राखा. सावलीला अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थोडा बर्न्ट सिएना. दाणेदार करडा येतो, पहाटेचा वाटतो.

टाळचिपळी: उभा वासुदेव काढताय का? दान पावलं की तो स्वतःभोवती गिरकी घेतो, अंगरख्याचा घेर फुलतो. मी असते तर तोच क्षण घेतला असता. पुण्यात असाल तर राजा केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन बघून या, हातातल्या वाद्यांचा अभ्यास होतो. चिपळीच्या खाचेतल्या पितळी चकत्यांवर उजेडाचा एक ठिपका कोरा सोडा. आणि फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, दक्षिणा द्या.

पहाटगल्ली: सगळ्यांचे मनापासून आभार! नवा कागद आणला, गिरकीच घेतली. टोपी पहिल्यांदा निळी राहिली. राहवलं नाही, आईला आजच दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अगं, झोळी कुठाय याची? धान्य घालू कशात?"

गिरकीत झोळी कुठल्या बाजूला उडते, कुणी नीट पाहिलंय का?