त्या वाकलेल्या इमोजीला दंडवत म्हणू नका

रंकाळ्याकाठचा
पेठेच्या ग्रुपवर काल एका भावानं लिहिलं, "हात जोडलेली इमोजी म्हणजे खरं तर टाळी देणं आहे, थोरामोठ्यांना ती पाठवू नका. गुडघ्यावर वाकलेली पाठवा, तोच आपला दंडवत." खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. मला गप्प बसवेना म्हणून लांबलचक लिहितोय.

टाळीचं आधी. जुन्या आयफोनवर जोडलेल्या हातांमागं पिवळी किरणं होती, म्हणून कितीतरी लोकांना ती दोघांची टाळी वाटली, एवढाच तो घोळ. दोन्ही इमोजी जपानी मोबाईलमधनं आल्या, २०१० साली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या अक्षर-चित्रांच्या यादीच्या, ६.० आवृत्तीत घेतल्या, तिथं एकीचं नाव 'हात जोडलेली व्यक्ती' आणि दुसरीचं 'खोल वाकलेली व्यक्ती'. ही दुसरी म्हणजे जपान्यांचा दोगेझा. गुडघे टेकायचे, तळवे टेकायचे, कपाळ जमिनीकडं न्यायचं आणि माफी मागायची, नाहीतर गयावया करायची.

आता दंडवत. मी सात वर्षांचा असताना टायफॉइडनं पडलो तेव्हा आईनं जोतिबाला नवस बोलला होता. चैत्रात फेडला. ओलं लुगडं, हातात नारळ, आडवी पडायची, हात लांब करून नारळानं रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर पाय ठेवायचा की परत आडवी. दगड तापलेले, म्हणून काकू पुढं कळशीनं पाणी ओतत चाललेली. दोन्ही कोपरं सोलवटली होती, घरी आल्यावर हळद लावली ती मला अजून दिसते. दंडवत म्हणजे दंडासारखं, काठीसारखं आडवं पडणं. त्याला तुम्ही बोटानं दाबायचं चित्र म्हणताय?

आणि गेल्या महिन्यात आत्या गेली. घरच्या ग्रुपवर कळवलं तर एका पोरानं एक शब्द न लिहिता ही वाकलेली इमोजी टाकली. वडिलांनी चष्मा लावून फोन डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "हे पोरगं पालथं का पडलंय रे?" बहीण गेलेल्या माणसाला मी काय सांगू?

शिवाजी पेठेतला
नाव न घेता माझ्यावरच लिहिलंस, मग ऐक. टाळीचं माझं चुकलं असंल. पण चित्र जन्मलं कुठं यावरनं अर्थ ठरत न्हाई. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली म्हणून तांबडा रस्सा आपला न्हाई काय? माझं पोरगं पुण्यात शिकतंय, आजीला रोज सकाळी तीच इमोजी पाठवतंय आणि आजी खूश होती. तिला जपान कुठं माहीत हाय. आणि तुझ्या घरच्या पोराला चार शब्द लिहायला येत न्हाईत, तो दोष इमोजीचा कसा?

शिरोलीकर
मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, जपानी पार्टीशी रोज चॅट असतं. एका लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेची भोकं, निघाले तेव्हा मी भीतभीत तीच इमोजी टाकली, तर समोरच्यानंही तीच परत पाठवली, "संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या" म्हणून! म्हणजे मेसेजमध्ये तिकडं ती सॉरी, प्लीज, थँक्यू सगळ्याला चालते. प्रत्यक्षात दोगेझा कोण रोज घालत नाही, ती लई शेवटची पायरी. साहेब प्लँटवर आले तेव्हा उभ्यानंच कमरेतून वाकले. त्यातही साधारण पंधरा, तीस, पंचेचाळीस अंश अशा पायऱ्या शिकवतात. त्यामुळं "माफीचीच आहे" हे रंकाळेवाल्यांचं अर्धंच खरं.

मास्तरीणबाई
सगळे पुरुष दंडवतावर बोलताय. साष्टांगात छाती आणि गुडघे जमिनीला लागतात, आणि आम्हाला लहानपणापासून शिकवलं की बायकांनी साष्टांग घालायचा नाही, गुडघे टेकून पंचांग नमस्कार करायचा. आता ती इमोजी नीट बघा. गुडघे दुमडलेले, तळवे खाली, डोकं खाली. अंबाबाईच्या देवळात निम्म्या बायका तशाच दिसतील. नवसाला मात्र त्याच बाईनं तापलेल्या दगडावर आडवं पडलेलं चालतं, तेव्हा शास्त्र कुठं जातं? मला आजवर हे कुणी सांगितलेलं नाही.

हातकणंगलेकर
तुम्ही सगळे वाकणं म्हणजे आदर धरूनच चाललाय. माझे पणजोबा पाटलाच्या वाड्याबाहेर उन्हात उभे राहायचे, कमरेत वाकून "जोहार मायबाप" म्हणायचे आणि आतनं कुणी हू म्हणेपर्यंत मान वर करायची नाही. आजोबा हे सांगताना स्वतः वाकून दाखवायचे आणि मग ताठ उभे राहायचे. माणगाव आमच्याच तालुक्यातलं. मार्च १९२० ला तिथं बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले. आमच्या घरात त्यानंतर जोहार संपला, पुढं जय भीम आलं, आणि जय भीम म्हणताना पाठ सरळ असते. म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर साहेबाला सगळे ती वाकलेली इमोजी पाठवतात तिथं मी "नमस्कार सर" टाइप करतो. मुजरा, जोहार, लोटांगण, एका माणसानं दुसऱ्या माणसापुढं वाकायची ही सगळी भाषा मला नको.

तालमीतला
ओ, मुजऱ्याला त्यात ओढू नका! शिवरायांच्या पुतळ्याला आम्ही मुजरा घालतो तो कुणाच्या धाकानं न्हाई. तुमच्या घरचं दुःख मोठं हाय, पण त्यासाठी आमचा मुजरा वाईट ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

हातकणंगलेकर
महाराजांचं नाव मी घेतलेलंच नाही, तुम्ही घेतलंत. ते मध्ये आणलं की समोरच्यानं गप्प बसायचं, हेच चाललंय. मी माणसानं माणसापुढं वाकायचं बोलतोय. आणि अधिकाराचं विचारताय तर माझ्या पणजोबांची पाठ विचारा.

तालमीतला
आवाज चढवायची गरज न्हाई. मी वस्तादांच्या पाया पडतो. खासबागेच्या आखाड्यात उतरताना आधी वाकून माती कपाळाला लावतो. त्या मातीनं कधी कुणाची जात विचारली न्हाई, मला तरी वाकताना कमीपणा वाटलेला न्हाई.

हातकणंगलेकर
मातीपुढं मी पण वाकतो, शेतकरी आहे. माती "हू" म्हणेपर्यंत उन्हात उभं करत नाही.

शिवाजी पेठेतला
विषय कुठं गेला बघा. असू दे. मयताच्या मेसेजखाली ती इमोजी नको, एवढं मान्य. आत्याचं मला माहीत नव्हतं, वाईट वाटलं. दंडवत शब्द पण मागं घेतो. पण आजीला पोरानं काय पाठवायचं ते मी इथनं शिकणार न्हाई.

रंकाळ्याकाठचा
आजीचं तुमचं तुम्ही बघा, त्यावर मला बोलायचं नाही. बाईंचं मात्र कबूल करायला लागतंय. आज सकाळी देवघरासमोर आईला बघितलं, गुडघे टेकून, तळवे फरशीवर, अगदी तसंच. नवसाचं शास्त्र कुठं गेलं म्हणालात, तर मी कधी तो विचारच केला नव्हता. कोपरं तिची सोलवटली आणि बरा मी झालो.

तालमीतला
मग मुजऱ्याचं काय ठरलं?

हातकणंगलेकर
काही ठरलेलं नाही. मी शब्द मागं घेत नाही. खासबागेत कुस्ती असली की सांगा, येतो, तिथंच बोलू.