डेबियनवर पायथनची नवी आवृत्ती बसवताना मूळ पायथनला हात लावावा का?

प्रश्न — अक्षरयात्री

माझ्या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यासोबत आलेली पायथनची आवृत्ती ३.११ आहे. मी ज्या प्रकल्पात सहभागी होत आहे त्याला किमान ३.१२ लागते. शिवाय पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) वापरून कोणतेही पॅकेज बसवू पाहिले, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा संदेश देऊन ते थांबते. शोध घेतल्यावर तीन उपाय वाचनात आले: पिपला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय द्यावा, किंवा ज्या फाइलमुळे हा अडथळा येतो ती काढून टाकावी, किंवा ३.१२ मूळ स्रोतातून स्वतः बांधून (म्हणजे संकलित करून) ‘पायथन३’ ही कमांडच नव्या आवृत्तीकडे वळवावी. तिन्ही उपाय सांगणारे लोक ते बिनधोक असल्याचे सांगतात, पण पर्यायाच्या नावातच मोडतोडीचा उल्लेख असल्यामुळे पुढे जाण्याआधी विचारणे मला योग्य वाटले. हाच प्रकल्प मला फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी प्रणाली असलेल्या दुसऱ्या एका यंत्रावरही चालवायचा आहे. दोन्हीकडे चालेल अशी पद्धत कोणती?

उत्तर १ — मूळस्रोत

आधी विचारलेत हे फार बरे झाले, कारण तिसरा उपाय सर्वांत घातक आहे आणि त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत.

डेबियनमध्ये ‘पायथन३’ ही कमांड तुमच्या सोयीसाठी दिलेली असली, तरी तिच्यावर पहिला हक्क खुद्द प्रणालीचा आहे. सुरक्षा-अद्यतने आपोआप बसवणारे ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ आणि पॅकेजमधील बदल दाखवणारे ‘ॲप्ट लिस्टचेंजेस’ ही साधने पायथनमध्येच लिहिलेली आहेत. त्यांना ‘ॲप्ट_पीकेजी’ हे मॉड्यूल लागते आणि ते सी++ मधून संकलित केलेले असते. त्याच्या फाइलच्या नावात ‘सीपायथन-३११’ असा स्पष्ट उल्लेख असतो, म्हणजे ते ३.११ सोडून इतर आवृत्तीत उघडत नाही. शिवाय डेबियन आपली मॉड्यूले ‘डिस्ट-पॅकेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि तुम्ही स्वतः बांधलेले पायथन तिकडे पाहतही नाही. तेव्हा ‘पायथन३’ची कमांड ३.१२ कडे वळवली, की तुमचा प्रकल्प व्यवस्थित चालतो आणि मागच्या मागे सुरक्षा-अद्यतने बंद पडतात. पडद्यावर काहीच मोडलेले दिसत नाही, म्हणूनच हा उपाय ‘चालतो’ असे लोक मनापासून सांगत राहतात.

तुम्हाला आलेला संदेश हा दोष नसून संरक्षण आहे. पायथनच्या ६६८ क्रमांकाच्या सुधारणा-प्रस्तावात ही व्यवस्था ठरली आणि डेबियनने ती २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून लागू केली. त्याआधी पिपने बसवलेली पॅकेजेस आणि ॲप्टने (डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने) बसवलेली पॅकेजेस एकमेकांच्या वाटेत येत असत, आणि प्रशासकाच्या अधिकाराने पिप चालवले असेल तर प्रणालीची साधने भलत्याच आवृत्तीचे मॉड्यूल उचलत असत. संदेश नीट वाचलात, तर त्यातच योग्य मार्ग दिलेले आहेत: पॅकेज ॲप्टमधून घ्या, नाहीतर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाची पॅकेजेस प्रणालीपासून वेगळी ठेवणारे फोल्डर) तयार करा, आणि एखादा स्वतंत्र प्रोग्राम हवा असेल तर पिपएक्स वापरा, जे प्रत्येक प्रोग्रामसाठी असे वेगळे एन्व्हायर्नमेंट स्वतःच करते. ती फाइल काढून टाकल्यास वाचणार आहेत ती दोन मिनिटे, आणि घोटाळा मात्र अशा दिवशी उघडकीस येईल ज्या दिवशी त्याचा मूळ कारणाशी संबंध जोडणेही कठीण जाईल.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटसाठी डेबियनवर ‘पायथन३-व्हेन्व’ हे पॅकेज वेगळे बसवावे लागते. ते नसेल तर ‘एन्शुअरपिप उपलब्ध नाही’ अशा अर्थाची तक्रार येते.

उत्तर २ — संकलक

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. ३.१२ कुठून आणायचे, एवढेच सांगतो.

डेबियन १२ च्या रिपॉझिटरीत (ॲप्ट जिथून पॅकेजेस उतरवते त्या साठ्यात) ३.१२ नाही. उबुंटूसाठीची बाहेरची रिपॉझिटरी जोडू नका, कारण तिच्यातील पॅकेजेस उबुंटूच्या लायब्ररींवर बांधलेली असतात. पुढच्या डेबियनची रिपॉझिटरी जोडून एकच पॅकेज उचलण्याचा मोहही टाळावा, कारण त्या एका पॅकेजसोबत मूळ सी लायब्ररीही बदलली जाऊ शकते.

मूळ स्रोतातून बांधायचे असल्यास ‘कॉन्फिगर’ करताना प्रिफिक्स (बसवण्याची जागा) म्हणून ‘ऑप्ट’ डिरेक्टरीतील एखादे वेगळे फोल्डर द्या आणि शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ चालवा. त्यामुळे फक्त ‘पायथन३.१२’ या नावाची कमांड तयार होते आणि साध्या ‘पायथन३’ला धक्का लागत नाही. बांधणीपूर्वी ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन, बीझिप२ आणि एलझेडएमए या लायब्ररींची ‘डेव्ह’ पॅकेजेस (बांधणीसाठी लागणाऱ्या फाइली) बसवलेली असली पाहिजेत. ती नसली तरी बांधणी पूर्ण होते, आणि नवखे लोक नेमके इथेच अडकतात. ‘मेक’ संपताना शेवटच्या ओळींमध्ये न बांधता आलेल्या मॉड्यूलांची यादी छापली जाते, ती अवश्य वाचा. त्या यादीत ‘_एसएसएल’ असेल तर पिप काहीही उतरवू शकणार नाही, आणि ‘_सीटाइप्स’ असेल तर अनेक पॅकेजेस इम्पोर्ट होतानाच कोसळतील. अशा वेळी राहिलेली ‘डेव्ह’ पॅकेजेस बसवून ‘कॉन्फिगर’पासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पायएन्व हे पायथनच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन हेच काम तुमच्या होम फोल्डरमध्ये करते. तेही स्रोतातूनच बांधते, त्यामुळे ‘डेव्ह’ पॅकेजेस त्यालाही लागतात. यूव्ही हे तशाच कामाचे दुसरे साधन मात्र आधीच बांधलेले पायथन उतरवते, म्हणून लिनक्सवर ते सर्वांत जलद आहे. माझा कल स्रोतातून बांधण्याकडे आहे, कारण आत काय आहे हे त्यामुळे नेमके कळते, पण आजच काम सुरू करायचे असेल तर यूव्ही वापरण्यात काहीच गैर नाही.

उत्तर ३ — बंदरवाट

फ्रीबीएसडीबद्दल लिहितो. तिथे चित्र उलटे आहे. मूळ प्रणालीत पायथन मुळीच नसते. ते ‘पीकेजी’ने (फ्रीबीएसडीच्या पॅकेज-साधनाने) बसवावे लागते आणि ‘युजर’मधील ‘लोकल’ डिरेक्टरीत जाते, त्यामुळे प्रणालीचे पायथन बिघडवण्याची भीती तिथे नाही. मात्र याच कारणामुळे तुमच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण मार्ग लिहू नका. कमांड कुठे आहे ते शोधणाऱ्या ‘एन्व्ह’मार्फत ‘पायथन३’ शोधायला सांगा, म्हणजे तीच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालेल.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एसक्यूलाइटचे मॉड्यूल फ्रीबीएसडीवर मुख्य पायथनसोबत येत नाही, त्यासाठी ‘पीवाय’ने सुरू होणारे वेगळे पॅकेज आहे. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची आहे. पिप जिथून पॅकेजेस उतरवते त्या पायपीआयवर लिनक्ससाठी असतात तशी आधीच संकलित केलेली ‘व्हील’ पॅकेजेस फ्रीबीएसडीसाठी नसतात, म्हणून सी किंवा रस्टमध्ये लिहिलेला भाग असलेले प्रत्येक पॅकेज तुमच्याच यंत्रावर संकलित होते. नमपायसारखी पॅकेजेस ‘पीकेजी’तून घेऊन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ‘सिस्टिम साइट पॅकेजेस’ या पर्यायासह (म्हणजे प्रणालीतील पॅकेजेसही त्यात दिसतील असे) तयार करणे हा तिथला व्यवहार्य मार्ग आहे. अर्थात ‘पीकेजी’तील अशी पॅकेजेस पायथनच्या त्या वेळच्या डिफॉल्ट आवृत्तीसाठीच बांधलेली असतात, म्हणून ती आवृत्ती कोणती हे आधी तपासा. यूव्हीचे तयार पायथन फ्रीबीएसडीसाठी मिळत नाही.

प्रश्नकर्ता — अक्षरयात्री

तिघांचेही मनापासून आभार. ३.१२ वेगळ्या फोल्डरमध्ये बांधून त्यावर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार केले, ‘_एसएसएल’ यादीत नव्हते आणि पिपही नीट चालते. आता दोन शंका उरल्या आहेत. तयार झालेले एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का? आणि उद्या डेबियन १३ वर गेल्यास त्याचे काय होईल?

उत्तर ४ — मूळस्रोत

नेता येणार नाही. त्या फोल्डरमधील स्क्रिप्टमध्ये पूर्ण मार्ग कोरलेले असतात, त्यामुळे ते त्याच यंत्रावर दुसऱ्या जागी हलवले तरी बिघडते.

तुमचे एन्व्हायर्नमेंट ‘ऑप्ट’मधील ३.१२ वर उभे असल्यामुळे डेबियन बदलल्यावर त्याच्या अंतर्गत रचनेत काही बदलणार नाही, मात्र ज्या लायब्ररींवर ते ३.१२ बांधले आहे त्या बदलू शकतात, म्हणून अपग्रेडनंतर ते पुन्हा बांधून घ्यावे. प्रणालीच्या पायथनवर तयार केलेली जुनी एन्व्हायर्नमेंट्स असतील तर ती मात्र नक्की बंद पडतील. त्यांच्यातील ‘पायथन३’ हा प्रणालीच्या ‘पायथन३’कडे जाणारा दुवा असतो. डेबियन १३ मध्ये तो ३.१३ वर जाऊन पोहोचतो आणि पॅकेजेस ३.१३ च्या फोल्डरमध्ये शोधतो, पण तुमची पॅकेजेस ३.११ च्या फोल्डरमध्येच राहिलेली असतात. म्हणून अपग्रेड करण्यापूर्वी प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप फ्रीझ’ चालवून बसवलेल्या पॅकेजेसची आवृत्त्यांसह यादी फाइलमध्ये उतरवून ठेवा, प्रकल्पाच्या स्रोतासोबत तीच यादी जपा, आणि अपग्रेडनंतर जुने फोल्डर काढून त्या यादीवरून नवे तयार करा. फ्रीबीएसडीच्या यंत्रावरही हीच यादी न्या. मात्र नमपायसारखी जी पॅकेजेस तिथे ‘पीकेजी’तून घ्याल, त्यांच्या ओळी यादीतून वगळा, नाहीतर आवृत्ती जुळली नाही की पिप ती पुन्हा संकलित करायला बसेल.