प्रति: प्रदर्शनात हवेचा कयाक घेताना

वर विचारलंय, स्टॉलवर हवेच्या कयाकमध्ये (हवा भरून फुगवायची, वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) बघायचं काय? रंग, बॅग राहू दे, आधी तळ. ड्रॉप-स्टिच तळ (आतून धाग्यांनी जोडलेला, हवा भरली की फळीसारखा कडक होणारा) असेल तर हवेचा दाब मोजायचा मीटर लावायला सांगा. लेबलवरच्या दाबाइतकी हवा असेल तरच बसून बघण्यात अर्थ. व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की तो ढिला समजा. व्हॉल्व्ह आवळायचा पाना किटमध्ये मागूनच घ्या, नंतर शोधत बसाल.

लाइफ जॅकेटवर ५० न्यूटन (तरंगत ठेवायची ताकद) लिहिलं असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठीच. बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. साइज बघायला जॅकेट अंगात घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला ते खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीला लागलं तर तो साइज तुम्हाला मोठा होतोय.

आणि कोल्हापूरच्या पंचगंगा नदीत उतरणार असाल तर केटी बंधाऱ्यापासून (कोल्हापूर पद्धतीचा, खांबांमध्ये बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणारा) लांबच राहा. बरगे काढले की पाणी खांबांमधून ओढतं, कयाक आडवा होऊन खांबाला चिकटतो.