मदत हवी आहे: बक्कलसाठी पट्ट्याचं टोक पातळ कसं करायचं?

नमस्कार मंडळी. घरच्या घरी कमरेचे पट्टे करायला शिकतोय. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलांना असतं तसं. जाडी साडेतीन मिमी, रुंदी 38 मिमी. बक्कल 40 ची.

टोक तसंच दुमडलं तर बक्कलपाशी सात मिमीचा ठोकळा होतो. शिवताना सुई वाकते आणि पट्टा घातल्यावर पोटाला टोचतो ते वेगळंच! म्हणून शेवटचे सात सेंटिमीटर आतल्या, खरबरीत बाजूने रापीने (चामडं कापायच्या-तासायच्या सुरीने) तासून निम्म्या जाडीचे करायला बघतो. सुरुवात बरी होते, मग रापी अचानक खोल घुसते. दोन पट्टे असे आरपार कापले. तिसरा जमला, पण नेमका दुमडीवर जास्त पातळ झाला आणि वरून तडकला.

रापीला धार आहे, कागद सहज कापते. खाली लाकडी पाट घेतो. तो बदलून काच किंवा संगमरवरी फरशी घेऊ का? चामडं किंचित ओलं करून तासायचं की कोरडंच? आणि दुमडीच्या जागी किती जाडी ठेवता? मशीन घ्या म्हणू नका, तेवढं बजेट नाही.