यूव्ही कॅबिनेट आणि डेटॉलचं पाणी: पार्लरच्या अवजारांना एवढं पुरतं का?

आरसा_कोपरखैरणे

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात तळमजल्यावर छोटं लेडीज पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक फेशियल बेड, पेडिक्युअरची एक जागा. थ्रेडिंग आणि वॅक्सिंग सगळ्यात जास्त चालतं, शनिवार-रविवारी पेडिक्युअर दिवसाला आठपर्यंत जातात.

सध्याची पद्धत अशी: निपर (नखांकडची कातडी कापायचा), पुशर (ती मागे ढकलायची पट्टी), प्लकर वापरून झाले की डेटॉलच्या पाण्यात बुडवायचे, पुसायचे आणि यूव्ही कॅबिनेटमध्ये दहा मिनिटं ठेवायचे. कॅबिनेट विकणाऱ्याने त्यालाच 'स्टेरिलायझर' म्हटलंय. एवढं पुरेसं आहे का? एवढ्याशा पार्लरला दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारा ऑटोक्लेव्ह लागतो का? वॅक्स आणि दोऱ्याचं काय करावं? आणि पावसाळ्यात टॉवेल वाळतच नाहीत, त्याला उपाय काय? बजेट बेताचं आहे, त्यामुळे काटकसर कुठे चालेल आणि कुठे अजिबात नाही ते स्पष्ट सांगा.

---

सीएसएसडी_ठाणे

ताई, पुरेसं नाही. आधी यूव्हीचं बघू. तो प्रकाश जिथे थेट पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. निपरच्या सांध्यात, कंगव्याच्या दातांच्या मुळाशी, एकावर एक ठेवलेल्या पुशरच्या खालच्या बाजूला सावली पडते आणि तिथले जंतू तसेच राहतात. वर त्वचेचा कण किंवा रक्ताचा पातळ थर असेल तर त्याच्याखालीही प्रकाश जात नाही. बऱ्याच स्वस्त पेट्यांत तर फक्त निळा दिवा असतो, 254 नॅनोमीटरची जंतुनाशक ट्यूब नसतेच. कॅबिनेट टाकून देऊ नका, स्वच्छ झालेली अवजारं झाकून ठेवायला ती चांगली आहे. डेटॉल हे त्वचेसाठीचं अँटिसेप्टिक, अवजारं त्याच्या भरवशावर सोडायची नाहीत.

वस्तूंची वाटणी डोक्यात पक्की करा. निपर, क्युटिकल पुशर, ब्लॅकहेड काढायची सुई यांनी त्वचा फुटू शकते, म्हणून त्यांना ऑटोक्लेव्ह. कंगवा, केसांची कात्री, क्लिपर हे न फुटलेल्या त्वचेलाच लागतात, त्यांना धुणं आणि जंतुनाशक द्रावण. एमरी बोर्ड, बफर, प्युमिस दगड, ऑरेंज स्टिक, स्पंज या सच्छिद्र वस्तू कशानेही आतून स्वच्छ होत नाहीत. एका ग्राहकाला वापरल्या की कचऱ्यात.

ऑटोक्लेव्हच्या आधीचं धुणं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. जाड रबरी हातमोजे घाला. पाणी कोमट घ्या. कडकडीत पाण्याने रक्त घट्ट चिकटून बसतं. त्यात भांड्यांचा लिक्विड साबण घाला, निपर उघडून पाण्याच्या *आत* ब्रशने घासा, नाहीतर तुषार तोंडावर उडतात. मग वाहत्या पाण्यात धुवून पूर्ण कोरडं करा. सांध्याला खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, तेलाच्या थरातून वाफ आत जात नाही. पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट ऑइल मिळतं, ते लावा.

कुकरसारखा पोर्टेबल ऑटोक्लेव्ह तुम्हाला पुरेल. 121 अंश सेल्सिअस, 15 पीएसआय दाब. पाउचमध्ये (ऑटोक्लेव्हच्या कागदी पाकिटात) बंद केलेल्या अवजारांना 30 मिनिटं, आणि हा वेळ शेगडी चालू केल्यापासून मोजायचा नाही. आधी आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, दाब 15 वर आला की मग घड्याळ लावायचं. हवा अडकली तर काटा 15 दाखवतो, पण आतलं तापमान तेवढं चढलेलं नसतं. पाणी डिस्टिल्ड वापरा, नाहीतर क्षार बसतात. निपर पाउचमध्ये उघडा ठेवा, पाउच एकावर एक न रचता उभे ठेवा आणि डबा पाऊणच भरा.

या साध्या मशीनची अडचण म्हणजे पाउच ओले निघतात. ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत शिरतात, म्हणून ओला पाउच 'स्टराइल' (पूर्ण जंतुमुक्त) धरायचा नाही. दाब शून्यावर आल्यावर पाणी काढून टाका आणि झाकण किंचित किलकिलं ठेवून वीस-तीस मिनिटं आतच सुकू द्या. इंडिकेटर टेपचा रंग बदलला याचा अर्थ उष्णता तिथपर्यंत पोचली एवढाच, जंतू मेले याचा तो पुरावा नव्हे. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूच्या स्पोअर (उष्णता सोसणारं, कवचातलं सुप्त रूप) असलेल्या स्ट्रिपची चाचणी करतात. ती ठरावीक काळाने करून नोंद वहीत ठेवा.

आता पैशांचं. महागड्या केमिकलपेक्षा अवजारांचे सेट वाढवा. घाई झाली की माणूस वेळ कापतो, आणि जंतुनाशकात वेळच काम करतो. आठ पेडिक्युअरच्या दिवशी दुपारी एकदा आणि बंद करताना एकदा अशी दोनदा मशीन लावलीत, तर सकाळचे चार सेट, मशीन चालू असतानाच्या ग्राहकाला पाचवा आणि एखादं अवजार हातातून पडलं तर सहावा. निपर, पुशर, नेलकटर, धातूची फूट फाइल असे सहा सेट घ्या.

---

त्वचा_नेरुळ

वॅक्स आणि दोऱ्याबद्दल लिहिते, त्वचेच्या ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं.

वॅक्स गरम असतं म्हणून त्यात जंतू मरतात हा समज सोडा. त्वचेला सोसेल एवढ्या तापमानाला जंतू मरत नाहीत. सुरी एकदा पायावर फिरली आणि परत डब्यात गेली की त्या ग्राहकाचे त्वचेचे कण, केस आणि कधी रक्ताचा ठिपका पुढच्या सगळ्यांसाठी डब्यात. बिकिनी आणि अंडरआर्मला प्रत्येक वेळी नवी लाकडी पट्टी हवी, इथे तडजोड नको. हातापायांना दर वेळी पट्टी परवडत नसेल तर मोठ्या हीटरमधून त्या ग्राहकापुरतं वॅक्स छोट्या वाटीत काढा, त्यातच सुरी बुडवा, उरलेलं फेकून द्या. गाळून परत डब्यात ओतणं कायमचं बंद. रोल-ऑनचा रोलरही त्वचेला लागूनच कार्ट्रिजमध्ये फिरतो, म्हणून एक कार्ट्रिज एकाच ग्राहकाला. जीन्सच्या धुऊन वापरायच्या पट्ट्यांऐवजी नॉन-वोव्हन पट्ट्या घ्या.

मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स करू नका, वरची त्वचाच सोलून निघते. चेहऱ्यावर ट्रेटिनॉइन किंवा अॅडापलीन क्रीम चालू असेल तर चेहऱ्याचं वॅक्स नको. हे फॉर्मवर लिहून घ्या, तोंडी विचारलं तर ग्राहक 'काही नाही' म्हणून मोकळे होतात.

थ्रेडिंगमध्ये दोऱ्याचं टोक दातात धरायची सवय मोडा. लाळ दोऱ्यावरून भुवईच्या ताज्या ओरखड्यांत जाते. टोक गळ्यात अडकवलेल्या फाशाला बांधा, किंवा दोन्ही हातांनी करायची पद्धत शिकून घ्या, आठवडाभरात हात बसतो. प्रत्येक ग्राहकाला दोऱ्याचा नवा तुकडा. थ्रेडिंगनंतर कपाळावर रांगेत उठणाऱ्या चपट्या चामखिळी आणि मोलस्कम (विषाणूमुळे येणारे छोटे फोड) यांची नोंद त्वचारोगाच्या वैद्यकीय लेखनात आहे. भुवईजवळ चामखीळ किंवा फोड दिसला तर त्या दिवशी थ्रेडिंग करूच नका. आणि सगळ्यांच्या कपाळावरून फिरणारा तो एकच पावडर पफ! त्याऐवजी कापसाचा बोळा.

---

आरसा_कोपरखैरणे

खूप उपयोगी, दोघांचे आभार. एक शंका: दोन ग्राहकांच्या मध्ये स्पिरिटने पुसलं तर चालणार नाही का? आणि पेडिक्युअरच्या टबला काय वापरू?

---

नौपाडा_कटिंग

ताई, स्पिरिटच्या बोळ्याने निपर पुसला तर ते काही सेकंदांत उडून जातं, मग त्याने काम कधी करायचं? प्लकर किंवा कात्रीसाठी धुऊन कोरडं करून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं पूर्ण बुडवा. 99 टक्केवालं 'जास्त कडक' म्हणून घेऊ नका. प्रथिनं मोडायला पाणी लागतं, म्हणून 70 चंच जास्त परिणामकारक. स्पोअर त्यानेही मरत नाहीत आणि वॅक्स हीटरजवळ त्याची बाटली नको, भडका उडेल. कंगवे-ब्रशसाठी बार्बिसाइडसारखं जंतुनाशक द्रावण, एक लिटर पाण्याला साधारण 60 मिली, दहा मिनिटं, रोज बदलायचं. केस आणि साबण काढल्याशिवाय बुडवलं तर ते निकामी होतं. दिवसभर गढूळ निळ्या पाण्यात उभे असलेले कंगवे दिसायलाच स्वच्छ असतात.

टब साधा, बिनपाइपचा घ्या, प्लास्टिकचा किंवा स्टीलचा. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एकाच नेल सलूनच्या शंभराहून जास्त ग्राहकांच्या पायांना फोड आले होते. जंतू होता मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम आणि घर होतं फूट स्पाच्या जाळीमागे साचलेल्या केस-त्वचेच्या गाळात. फोड भरायला महिनोन् महिने गेले. घरून पायांवर रेझर फिरवून आलेल्यांना धोका जास्त होता, म्हणून वॅक्स-रेझरच्याच दिवशी पाय टबात बुडवू नका.

प्रत्येक ग्राहकानंतर पाणी ओता, टब साबणाने घासा, मग हायपो. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के असेल तर 20 मिली हायपो आणि 980 मिली पाणी म्हणजे 0.1 टक्का. टबच्या कडेपर्यंत लावून दहा मिनिटं ओलं ठेवा, मग धुवा. रक्त सांडलं तर आधी टिश्यूने टिपून 0.5 टक्का, म्हणजे 100 मिली हायपो आणि 900 मिली पाणी. रोज ताजं बनवा. टॉयलेट क्लीनरमध्ये हायपो मिसळलं की क्लोरिन वायू निघतो, म्हणून त्या बाटल्या शेजारी ठेवू नका. आणि स्टीलची अवजारं हायपोत नको, गंज आणि खड्डे पडतात.

रेझर वापरत असाल तर ब्लेड ग्राहकासमोर फोडा, वापरलेलं जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत. पातळ पिशवीत टाकलेलं ब्लेड सफाई कामगाराच्या हातात घुसतं. कापल्यावर सगळ्यांवर फिरणारी तुरटीची वडीही बंद, लागलीच तर पूड कापसावर घ्या.

---

सीएसएसडी_ठाणे

वरच्यात भर. कुणी 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवून 'कोल्ड स्टेरिलायझेशन' करायला सांगेल. 20 मिनिटांत फक्त हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन होतं, म्हणजे स्पोअर सोडून बाकी जंतू मरतात, स्पोअर मारायला दहा तास लागतात. बंद एसी खोलीत त्याच्या वाफेने डोळे आणि छाती धरते. पार्लरला नको.

क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) शक्यतो कापूच नका, मऊ करून मागे ढकला. कापलं की नखाच्या कडेला वाट उघडते आणि नखुरडं होतं. डर्मारोलरही (बारीक सुयांचा रोलर) पार्लरमध्ये नको, तो नीट स्टराइल करता येत नाही.

---

त्वचा_नेरुळ

टॉवेलचं राहिलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट असते की दोरीवर दोन दिवस टांगलेला टॉवेल हाताला गारच लागतो, आणि अशा टॉवेलवर बुरशी टिकते. सध्याचा नायटा जुन्यासारखा मलमाने झटकन जात नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हा बुरशीचा प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही. त्यामुळे एका ग्राहकाचा टॉवेल दुसऱ्याला नाहीच. वापरलेले झाकणाच्या डब्यात, 60 अंशांवर डिटर्जंटने धुवायचे, मग ड्रायर. ड्रायर नसेल तर पावसाळ्यात लाँड्रीला द्या, किंवा बेडवर डिस्पोजेबल चादर आणि पायांना पेपर टॉवेल वापरा. नायटा दिसला तर त्या भागावर काम थांबवून त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. मेडिकलमधलं 'तीन औषधांचं' स्टेरॉइडवालं क्रीम सुचवू नका, खाज थांबते आणि नायटा पसरतो.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींना हेपटायटिस बीची (रक्तातून पसरणारी कावीळ) लस द्या. हा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. तीन डोस: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातलं अँटी-एचबीएस (लसीने तयार होणारं प्रतिपिंड) तपासा, 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण आहे असं धरतात.